सामान आवरून झालं, आता या उरल्यासुरल्या सुतांतून मागावर काय चढवू?

गुंतावळ

कपाटाचे दोन खण, पलंगाखालच्या पिशव्या आणि दाराआड उभं असलेलं एक खोकं, असं सगळं हस्तकलेचं सामान एकदाचं जमिनीवर ओतलं. वाळून दगड झालेला गोंद, ताण गेलेलं इलास्टिक आणि ओढलं की तुटणारे शिवणाचे जुने रीळ आधी काढून टाकले. मणी, बटणं, सुया यांचं लवकर जमलं. ज्या कामाला जे लागतं ते सगळं एका डब्यात, एवढाच नियम ठेवला. कात्री मात्र प्रत्येक डब्यात एक हवी असं वाटायला लागलंय, पण ते असो.

अडलंय ते सुतांवर. घरचे येता-जाता ढिगाकडे बघून टोमणे मारतायत. ढिगात काय काय आहे ते सांगते. कच्च्या पांढऱ्या सुताचा एक मोठा कोन, त्यावरची चिठ्ठी हरवलेली. लोकरीचे अर्धेमुर्धे गुंडे, निळे-हिरवे जास्त, एक झगझगीत केशरी. त्यात अ‍ॅक्रिलिकही मिसळलंय, आणि कुठलं लोकर नि कुठलं अ‍ॅक्रिलिक हे हाताला खात्रीने कळत नाही. क्रोशाचं चमकदार सूत. एक केसाळ, मऊ प्रकार. शिवाय मुठीत मावतील असे छोटे गुंडे, ते पुष्कळ.

माझ्याकडे टेबलावर ठेवायचा रिजिड हेडलचा छोटा माग आहे. पन्हा ५० सेंमीपर्यंत निघतो, हेडल (म्हणजे खाचा आणि भोकं असलेली फणी, तिच्यातून उभे धागे ओवायचे) १० सेंमीला ४० धाग्यांचं. नवीन काही आणायचं नाही, यातूनच एक लांब मफलर विणायचा असं ठरवलंय. तर हा ढीग लावू कसा, आणि मागावर नक्की काय चढवू?

टोकदार

रंगाप्रमाणे लावणार असशील तर आत्ताच थांब. फोटो छान येतो, कामाला शून्य उपयोग. आधी जात, मग जाडी, रंग सगळ्यात शेवटी.

रंगारी

टोकदार, इतकं पण नाही हं. मी रंगानेच लावते आणि मला सुचतंही त्यामुळेच. डबा उघडला की तीन निळे शेजारी दिसतात आणि डोक्यात काहीतरी सुरू होतं. जातीने लावलेल्या डब्यात मला फक्त कोठीघर दिसतं.

टोकदार

तू सुईवर विणतेस. एका गुंड्यात दुसरी जात घुसली तर तुझं फार बिघडत नाही. मागावर शेजारचे दोन धागे वेगळे ताणले गेले की संपलं.

रंगारी

बरं, मान्य. मोठा डबा जातीचा, आत पिशव्या रंगाच्या. तह झाला का?

वहीफणी

गुंतावळताई, ढीग लावायच्या आधी जात ओळखून घ्या, नाहीतर आज लावलेलं उद्या परत काढावं लागेल. वीतभर धागा चिमट्यात धरा, खाली धातूचं ताट, शेजारी पाणी, आणि टोकाला ज्योत लावा. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं, कागद जळल्याचाच वास येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. लोकर जळायला कुरकुर करते, ज्योत काढली की बहुधा आपली आपण विझते, केस जळल्याचा वास येतो आणि टोकाला उरलेला काळा गोळा बोटांनी चुरता येतो. अ‍ॅक्रिलिक वितळत वितळत जळतं, काळा धूर सोडतं आणि उरलेला मणी कडक होतो, तो चुरत नाही. हात लावायच्या आधी तो निवू द्या, वितळलेलं कातडीला चिकटतं.

घरात लहान मुलं असतील किंवा ज्योतीची भीती वाटत असेल तर क्लोरीनवालं ब्लीच वाटीत घ्या आणि धागा त्यात बुडवून ठेवा. लोकर आणि रेशीम विरघळून जातं. सूत आणि अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. खिडकी उघडी ठेवा, आणि त्या वाटीत दुसरं काहीही ओतू नका.

जाळीदार

लोकर निघाली की ती बाकीच्यांत मिसळायच्या आधी नीट तपासा. पलंगाखालच्या पिशव्या म्हणजे अंधार आणि वर्षानुवर्षं कुणाचा हात नाही, कसरीला याहून चांगलं घर मिळत नाही. उडणारा बारीक पिवळट पतंग काही खात नाही, खाते ती त्याची अळी. तिला केराटिन लागतं, म्हणजे लोकर, केस, पीस. नुसतं सूत किंवा अ‍ॅक्रिलिक तिच्या कामाचं नाही. पण घामाचा, तेलाचा डाग असेल तर ती मिश्र धाग्यालाही तोंड लावते. गुंडा उलगडताना धागा ठिकठिकाणी आपोआप तुटत असेल, किंवा वाळूसारखे कण आणि जाळीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर संशय घ्यायला हरकत नाही.

उपाय गारठ्याचा. लोकर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर हवेतलं बाष्प थंडगार लोकरीवर जमतं आणि ती ओली होते. सुगंधी लाकडाचे तुकडे, वासाच्या पुड्या वगैरेंनी पतंग थोडेफार लांब राहतात, आत बसलेली अळी त्याने मरत नाही.

सगळं_ठेवा

फ्रीझरमध्ये लोकर! घरच्यांच्या टोमण्यांना आता नवा विषय मिळाला.

माझं एकच मागणं, ते मुठीएवढे गुंडे टाकू नकोस. माझ्याकडे हातभर लांबीचे तुकडेसुद्धा एका बरणीत आहेत. जपानात मागावरच्या उरल्यासुरल्या धाग्यांना गाठी मारून त्याचंच कापड विणतात, त्याला झान्शी म्हणतात. गाठी मुद्दाम दिसू देतात. अगदीच बारीक तुकडे असले तर उशीत भर म्हणून घाल, नाहीतर बाहेर झाडावर ठेव, पक्षी घरट्याला नेतील.

जाळीदार

पक्ष्यांचं नको. लांब धागा पिल्लांच्या पायाला गुंडाळला जातो आणि पाय आवळत जातो. उशीतच घाल.

सगळं_ठेवा

हे माहीत नव्हतं. बरणी उशीकडे वळवली.

हिशेबनीस

आवरणं म्हणजे डबे नव्हेत, चिठ्ठ्या. प्रत्येक गुंड्याला पुठ्ठ्याची एक छोटी चिठ्ठी बांध आणि तिच्यावर चार गोष्टी लिही. जात, वजन, एका ग्रॅमला किती मीटर, आणि एका इंचात किती फेरे. या चार गोष्टी नसतील तर तो गुंडा नुसता शोभेचा. असतील तर कुठल्याही दिवशी पाच मिनिटांत सांगता येतं की त्यातून काय होईल आणि काय होणार नाही.

वजनाला साधा काटा पुरतो, पण एका ग्रॅमपर्यंतच दाखवणारा असेल तर १० मीटर धागा मोजून उपयोग नाही, चूक फार होते. ५० मीटर मोज. टेबलाच्या दोन कडांना अंतर मोजून वाट्या उलट्या चिकटवायच्या आणि त्यांच्याभोवती फेरे घ्यायचे. कोनाचं वजन करताना आतल्या रिकाम्या कोनाचं वजन वजा कर, बरेच जण हे विसरतात.

फेऱ्यांसाठी पट्टीवर एक इंच खूण कर आणि धागा शेजारी-शेजारी गुंडाळ, ओढून नाही, एकावर एक चढवूनही नाही. जेवढे फेरे बसतील त्याच्या निम्मे धागे साध्या विणीत एका इंचाला लागतात, कारण उरलेल्या निम्म्या जागेत आडवा धागा बसतो. ट्विल, म्हणजे तिरप्या रेषांची वीण, विणणार असशील तर निम्म्याऐवजी दोन-तृतीयांश.

नवशिका

मध्येच विचारतो. ताण्याला कुठलंही सूत चालत नाही का? उभा धागा काय, आडवा काय, दोन्ही शेवटी धागेच ना?

वहीफणी

नाही हो. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा, धोट्यातून एकदा उभ्या धाग्यांमधल्या फटीतून जातो आणि निवांत पडून राहतो. ताण्याचा, म्हणजे उभा धागा, कामभर ताणलेला असतो, आणि हेडल प्रत्येक आडव्या धाग्यामागे त्याला घासत पुढे-मागे जातं. कापड पुढे सरकत जाईपर्यंत प्रत्येक जागेला हे घासणं कितीतरी वेळा सोसावं लागतं.

म्हणून दोन परीक्षा. एक, वीतभर धागा दोन अंगठ्यांमध्ये धरून झटका द्या. तुटला, किंवा न तुटता तंतू एकमेकांतून सरकत हळूच सुटला, तर तो ताण्याचा नाही. सैल पिळाच्या एकपदरी लोकरीचं असंच होतं. दोन, तोच धागा ताणून धरा आणि अंगठ्याच्या नखाने एकाच जागी पुन्हा पुन्हा खरवडा. तूस निघून गोळ्या व्हायला लागल्या तर हेडलमध्येही त्याच होणार, शेजारच्या धाग्यांना चिकटणार आणि फट उघडणार नाही. ताईंनी लिहिलेला केसाळ प्रकार यातच नापास होईल, बघा.

गुंतावळ

घ्या, सगळं करून आले. केसाळ नापास. कच्च्या पांढऱ्या कोनाने कागदासारखा भुरुभुरु पेट घेतला आणि राख मऊ, म्हणजे सूत. चार पदरांचं आहे. झटका दिला तर बोट कापेल पण तुटत नाही, नखाने खरवडूनही जवळपास तसंच. कोनावर ४०० ग्रॅम आहे, आतला पुठ्ठा वजा करून. ५० मीटरचं वजन १५ ग्रॅम भरलं. एका इंचात २० फेरे.

लोकर समजून जपलेला केशरी गुंडा अ‍ॅक्रिलिक निघाला, कडक काळा मणी! निळे-हिरवे मात्र सगळे खरी लोकर. त्यांना फ्रीझरची वारी घडवणार आहे.

हिशेबनीस

वा, आता बोलता येईल. १५ ग्रॅमला ५० मीटर, म्हणजे एका ग्रॅमला साधारण ३.३ मीटर. ४०० ग्रॅमचे १,३०० मीटरच्या वर झाले. २० फेऱ्यांच्या निम्मे म्हणजे इंचाला १० धागे, आणि तुझं हेडल १० सेंमीला ४०, म्हणजे जवळजवळ तेवढंच. हा कोन त्या हेडलसाठीच आलाय म्हण ना.

मफलर १८० सेंमीचा धरू, मागावरचा पन्हा ४० सेंमी. धागे ४० गुणिले ४, म्हणजे १६०. लांबी अशी. १८० मध्ये विणताना धागा वर-खाली वळल्याने आणि धुतल्यावर आटणार ते मिळून १५ टक्के घाल, झाले २०७. मागावर दोन्ही टोकांना जो भाग विणताच येत नाही आणि गाठींत जातो तो ६० सेंमी. म्हणजे २७० सेंमी पुरे. मफलरच्या दशा याच वाया जाणाऱ्या ६० मधून निघतात, त्यांना वेगळं धरू नकोस.

१६० धागे गुणिले २.७ मीटर, ४३२ मीटर. वजन १३० ग्रॅम. कोनातलं दोन-तृतीयांश सूत उरतंच आहे.

बाण्याला सेंमीला ४ आडवे धागे, विणायची लांबी २ मीटर धरली तर ८०० वेळा धोटा जाणार. प्रत्येक वेळी ४० सेंमीच्या ऐवजी ४४ धर, कारण धागा सरळ नाही, वळत जातो. ३५२ मीटर. आता तुझ्या कामाची गोष्ट. एवढ्याच जाडीच्या सुताचा एक ग्रॅम म्हणजे साडेसात वेळा धोटा, म्हणजे जवळपास २ सेंमी कापड. १२ ग्रॅमचा गुंडा असेल तर २२-२३ सेंमीचा पट्टा निघणार. आता तुझे छोटे गुंडे काट्यावर टाक, मफलर किती लांब जाईल ते विणायच्या आधीच दिसेल. लोकर सुतापेक्षा हलकी आणि फुललेली, तीच जाडी असली तरी ग्रॅमला जास्त लांबी देते, तेव्हा तिचं मीटरचं माप वेगळं घे.

नवशिका

एका ग्रॅमला दोन सेंमी हे मी भिंतीवर लिहून ठेवतोय.

हिशेबनीस

या सुताला, या पन्ह्याला, या हेडलला. भिंतीवर तेही लिही.

वहीफणी

मला या बेतात एक खटकतंय. ताणा सुताचा, बाण्यात लोकर आणि अ‍ॅक्रिलिक यांचे पट्टे. मागावर ताणलेलं असेपर्यंत सगळं सरळ दिसेल. धुतलं की लोकर आपलं अंग आखडून घेते, अ‍ॅक्रिलिक आहे तेवढंच राहतं. लोकरीच्या पट्ट्यात पन्हा कमी होणार, अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्यात नाही. काठ सरळ न राहता नागमोडी होईल.

रंगारी

काका, ते छान नाही का दिसणार? मुद्दाम करतात की लोक असं, चुण्या पडलेलं कापड.

वहीफणी

मुद्दाम केलं तर छान. पण मग पट्ट्यांची रुंदी, धाग्यांची दाटी, सगळं त्या हिशेबाने ठरवावं लागतं. आपोआप झालं तर मफलर धुण्यात बिघडला असंच लोक म्हणणार.

टोकदार

केशरी काढून टाक. सुंठीवाचून खोकला गेला.

गुंतावळ

केशरीशिवाय सगळंच निळं-हिरवं, कोमट वाटतं हो. तोच तर जीव होता त्यात.

रंगारी

थांब, केशरीबद्दल मला बोलू दे. हा रंगाचा प्रश्न आधी पुठ्ठ्यावर सोडव, मागावर नको. हातभर पट्टी काप आणि ज्या क्रमाने पट्टे घेणार त्याच क्रमाने, त्याच प्रमाणात धागे तिच्यावर गुंडाळ. भिंतीला टेकवून लांबून बघ, डोळे बारीक करून. जो पट्टा एकटा ओरडतो तो कळतोच.

आणि लक्षात घे, गुंडाळलेला रंग मागावर तसाच उतरत नाही. साध्या विणीत अर्धा भाग ताण्याचा दिसतो, तुझा ताणा कच्चा पांढरा, म्हणजे प्रत्येक रंगात अर्धं पांढरं मिसळणार. गडद निळा आभाळी व्हायला लागतो. झगझगीत केशरीची धग निम्म्याने उतरेल, तेव्हा तो तुला वाटतोय तेवढा आगाऊ राहणार नाही. पण निळ्या ताण्यावर केशरी बाणा घेतला असतास तर लांबून राखाडी-तपकिरी चिखल दिसला असता, कारण एकमेकांविरुद्धचे रंग इतक्या बारीक ठिपक्यांत डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. त्याच दोन रंगांचे रुंद पट्टे शेजारी ठेवले की मात्र उलटंच होतं, दोघेही चढतात.

शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची चित्रकापडं विणत, तिथली रंगाई बघायचा. काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार होती. त्याने तपासलं तर रंग ठीकच होता, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्यांमुळे काळा मेलेला दिसत होता. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ मध्ये आलं आणि पुढे चित्रकारांनीही ते डोक्यावर घेतलं. सांगायचं एवढंच की केशरीला दोष द्यायच्या आधी त्याचा शेजार बदलून बघ.

वहीफणी

रंगाचं सगळं पटतं. आटण्याचं अजून तिथेच आहे. ताई, ताणा ४० सेंमी जास्त घ्या. सुरुवातीला वीतभर नमुना विणा, त्यात एक निळा, एक हिरवा, एक केशरी असे पट्टे, प्रत्येक तीन-चार बोटं रुंद. तेवढा कापून मोकळा करा, मागावरचे धागे पुन्हा बांधा, आणि नमुना धुवून वाळवून मग ठरवा. निम्मं नमुन्यात, निम्मं पुन्हा बांधण्यात जाईल. कोनात सूत भरपूर आहे, कंजूषपणा कशाला?

हिशेबनीस

१६० गुणिले ३.१, म्हणजे ४९६ मीटर, १५० ग्रॅमच्या आत. घे बिनधास्त.

गुंतावळ

ताणा चढला! एकटीनेच लावला. समोरच्या टेबलाला खुंटी आवळली, माग इकडे, मधलं अंतर ३ मीटरच्या थोडं वर. प्रत्येक खाचेतून धाग्याचा फास ओढून खुंटीवर टाकायचा, म्हणजे खाचेत दोन-दोन धागे येतात. सगळं मागच्या रुळावर गुंडाळून झालं की खाचेतल्या दोनांपैकी एक काढून शेजारच्या भोकात. खाच, भोक, खाच, भोक. शेवटी शेवटी डोळ्यांसमोर तेच नाचायला लागलं.

गुंडाळताना थरांमध्ये खाकी कागद घातला. पुढच्या काठीला धागे इंचभराच्या झुबक्यांत सुरगाठीने बांधले आणि मग तळहात पालथा ठेवून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरवला. मधले कडक लागले, दोन्हीकडच्या टोकांना हात बुडाल्यासारखा मऊ लागला. ते झुबके सोडून परत आवळले. सगळीकडे एकच ताण लागला तेव्हा जाड टाकाऊ लोकरीच्या चार-पाच ओळी घातल्या. झुबक्यांमधली इंग्रजी व्ही सारखी फट बुजून धागे सरळ उभे राहिले.

नमुना विणायला घेतला तर सेंमीला ४ च्या जागी ६ बसतायत. कापड पुठ्ठ्यासारखं होतंय. ताणा सैल आहे का?

वहीफणी

ताणा नाही, हात. हेडलने ठोकू नका, आडवा धागा हेडलने नुसता जागेवर नेऊन ठेवा. मागावर असताना धाग्यांमध्ये बारीक चौकटी दिसल्याच पाहिजेत, कापड विरळ वाटलं पाहिजे. पाण्यात गेल्यावर धागे फुगतात आणि चौकटी भरून निघतात.

आणि धागा फटीतून सरळ नेऊ नका, तिरका न्या, जिना चढल्यासारखा, मग दाबा. सरळ नेला तर लांबी कमी पडते आणि काठ आत ओढले जातात. काठ ओढले गेले की कडेचे ताण्याचे धागे हेडलला जास्त घासतात आणि तेच आधी तुटतात.

नवशिका

तुटला तर?

वहीफणी

घाबरायचं काही नाही. तेवढ्याच लांबीचा नवा धागा घ्यायचा, त्याच खाचेतून किंवा भोकातून ओवायचा. पुढचं टोक विणलेल्या कापडात टाचणी आडवी खुपसून तिच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळायचं. मागचं टोक मागामागे सोडायचं आणि त्याला छोटी बाटली अडकवायची, तिच्यात पाणी कमी-जास्त करून ताण शेजाऱ्यांएवढा करता येतो. कापड उतरल्यावर दोन्ही टोकं सुईने आत घालायची.

गुंतावळ

नमुना धुतला. आता पुरावा. मागावर ४० सेंमी होता. कापून मोकळा केल्यावर ३७.५. धुऊन वाळल्यावर निळ्या पट्ट्यात ३५, केशरीत ३७. काकांनी म्हटलं होतं अगदी तसंच, केशरी पट्टा दोन्ही काठांना ओठ पुढे काढल्यासारखा बाहेर आलाय. निळ्या-हिरव्यात काही फरक नाही, दोन्ही सारखेच आटले. चौकटी खरंच भरल्या. मागावर मच्छरदाणी वाटत होती, आता कापड आहे.

रंगाच्या बाबतीत रंगारी बरोबर. केशरी निवलाय, आणि शेजारचा निळा एकदम उठून आलाय. म्हणून तर सोडवत नाहीये.

टोकदार

मग सोडू नकोस. केशरीचा पट्टा करूच नकोस. दोन ओळी निळ्या लोकरीच्या, एक केशरी, परत दोन निळ्या. एकट्या ओळीला काठ बाहेर ढकलायची ताकद नसते, आजूबाजूची लोकर तिला आत ओढून घेते. केशरी मफलरभर पसरेल आणि काठही सरळ.

वहीफणी

हे उत्तम. नमुन्याच्या उरलेल्या ताण्यावर चार बोटं विणून बघा, पण मला शंका वाटत नाही.

रंगारी

टोकदार, तुला रंग कळतात हे आज कळलं.

टोकदार

मला काठ कळतात.

सगळं_ठेवा

छोटे गुंडे जोडायचे कसे ते कुणी सांगितलंच नाही. गाठ मारून?

वहीफणी

निरगाठ नको, ती हेडलमध्ये अडकते आणि कापडात टोचते. जुन्या धाग्याचं टोक आणि नव्याचं टोक एकाच फटीत तीन-चार सेंमी एकावर एक येऊ द्या, दाबा, पुढे चला. तेवढ्या भागात ओळ दुप्पट जाड होते, म्हणून दरवेळी काठाशी जोड घेऊ नका. एकदा डावीकडे, एकदा मध्ये, एकदा उजवीकडे. लोकरीची दोन टोकं असतील तर प्रत्येकीचे निम्मे पदर काढून टाका, म्हणजे जाडीही कळत नाही. तुमच्या बरणीतले हातभर तुकडे मात्र इथे चालायचे नाहीत, एक ओळ घ्यायलाच ४४ सेंमी लागतात, वर जोडाचं वेगळं.

सगळं_ठेवा

बरणी उशीकडेच बरी.

हिशेबनीस

गुंतावळ, बाण्याचे गुंडे काट्यावर टाकलेस का?

गुंतावळ

टाकले. निळे-हिरवे मिळून १३० ग्रॅम, मीटर मोजले तर ५०० च्या वर. केशरी २० ग्रॅम. म्हणजे पुरून उरतंय. दोन हिरवे फार बारीक आहेत, इंचात ३० फेऱ्यांच्या पुढे, ते धोट्यावर दोन-दोन एकत्र गुंडाळून घेतलेत. मुख्य विणकाम सुरू झालं, दोन वीत पुढे गेलंय. रात्री विणायचं थांबवते तेव्हा ताण थोडा सैल सोडते, ते बरोबर आहे ना?

वहीफणी

एका रात्रीने काही होत नाही, पण सवय चांगली. दोन-चार दिवस हात लागणार नसेल तर सोडाच. आणि कापड वर घडी करून ठेवत जाऊ नका, रुळावर नीट गुंडाळा.

जाळीदार

क्रोशाचं चमकदार सूत आणि केसाळ प्रकार यांचं काय ठरलं?

गुंतावळ

चमकदार सूत चिठ्ठी लावून डब्यात गेलं, जात सूत, फेरे २४, पुढच्या वेळी ताण्याला लावून बघणार. झटक्याला आणि नखाला दोन्हीला पास आहे. केसाळ प्रकार आडव्या धाग्याला चालेल असं वाटतं, पण या मफलरात नाही.

आता एकच विचारायचं राहिलंय. दशांना पीळ द्यायचाय. तो धुवायच्या आधी की नंतर? आणि धुताना नमुन्याला वापरलं तेच कोमट पाणी चालेल?

वहीफणी

आधी. कापड मागावर ताणलेलं असतानाच, दोन्ही टोकांना, ताण्याचे चार-चार धागे घेऊन सुईने कड बांधून घ्या, नाहीतर उतरवल्याबरोबर शेवटच्या ओळी सुटतात. उतरवल्यावर चार-चार धाग्यांचे दोन झुबके, दोन्ही एकाच दिशेने कडक पिळायचे, मग एकत्र करून उलट्या दिशेने सोडायचे, खाली गाठ. धुतल्यावर पीळ बसतो. धुवायच्या आधी नाही दिला तर मोकळे धागे पाण्यात विस्कटून त्यांचे झिपरे होतात.

पाणी तेच ठेवा. नमुना ज्या पाण्यात, ज्या साबणात, जितका वेळ, तसंच सगळं, नाहीतर नमुन्याची मापं लागू पडणार नाहीत. चोळू नका, लोकर चिकटून घट्ट होते. पिळूही नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा. दोरीवर टाकलंत तर ओल्या वजनाने लांबीत ताणेल.

हिशेबनीस

वाळल्यावर लांबी मोजून इथे टाक. मी १५ टक्के धरलेत, खरे किती निघाले ते बघायचंय.